एक किलोमीटरचं वर्तुळ

आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत मोफत प्रवेश मिळवण्याचा, अर्ज भरताना सगळ्यात जास्त वेळ खातो तो नकाशा. मुलाचं नाव, जन्मतारीख, जातीचा नाहीतर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, एवढं भरून झालं की पडद्यावर नकाशा उघडतो आणि पालकाला त्यावर आपल्या घराची खूण टेकवायची असते. वस्तीतलं घर त्या नकाशावर बहुधा नसतंच. मग सायबर कॅफेवाला विचारतो, ‘देवळाच्या मागं की नाल्याच्या अलीकडं?’ आणि अंदाजानं खूण ठेवून देतो. तिथून शाळांची अंतरं मोजली जातात. एक किलोमीटरच्या आतल्या शाळा, एक ते तीन किलोमीटरमधल्या, त्यापुढच्या. जास्तीत जास्त दहा शाळा निवडायच्या आणि सोडतीची वाट बघायची. जवळच्या मुलाला प्राधान्य असतं, त्यामुळे खूण दोनशे मीटर सरकली की नशीबही सरकतं. खोट्या भाडेकरारांचा छोटासा धंदा याच दोनशे मीटरवर चालतो.

गरिबाच्या मुलाला चांगल्या शाळेच्या जवळ आणण्यासाठी हा एक किलोमीटर बरीच वर्षं वापरला जात होता. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारनं एक अधिसूचना काढून आरटीईच्या नियमांत दुरुस्ती केली आणि तोच एक किलोमीटर त्या मुलाला लांब ठेवण्यासाठी वापरला. पुढे जेमतेम सहा महिन्यांत उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. कागदावर प्रकरण मिटलं. पण शिक्षण आणि लोकशाही यांचं नातं बाजारानं कुठे आणून ठेवलंय, हे महाराष्ट्रात इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं प्रकरण माझ्या पाहण्यात नाही, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

कायदा काय सांगत होता

२००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीनं कलम २१-अ आलं आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क)मध्ये खासगी विनाअनुदानित शाळांवर एक बंधन आहे: पहिलीच्या वर्गातल्या किमान पंचवीस टक्के जागा शेजारच्या परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवायचं. शाळा बालवाडीपासून असेल तर प्रवेश तिथून. या मुलांचा खर्च सरकार शाळेला परत देतं. आपल्याकडे सरकारी भाषेत त्याला ‘शुल्क प्रतिपूर्ती’ म्हणतात आणि संस्थाचालकांच्या भाषेत ‘थकबाकी’.

शाळा अर्थातच न्यायालयात गेल्या. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं हे कलम वैध ठरवलं. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना सूट मिळाली आणि २०१४ साली घटनापीठानं ती सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना दिली. बाकीच्यांना मात्र पंचवीस टक्के बंधनकारक राहिले. महाराष्ट्रानं २०११ साली आपले नियम केले, पुढे प्रवेश ऑनलाइन झाले आणि ‘आरटीईचा नंबर लागला’ हा शब्दप्रयोग घराघरांत रुजला. तसाच ‘आरटीईची मुलं’ हाही. तो शिक्षकांच्या खोलीत जास्त ऐकू येतो.

दुरुस्तीतली गोम

फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीचा मथितार्थ असा: ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला पंचवीस टक्क्यांचं बंधन लागू नाही. ऐकताना हे वाजवीच वाटतं. जवळ सरकारची शाळा असताना सरकारनं दुसऱ्याच्या शाळेला पैसे का द्यावेत?

गोम अशी की याच कायद्याखालचे नियम सांगतात, पहिली ते पाचवीची शाळा प्रत्येक मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत मिळाली पाहिजे. म्हणजे सरकारनं आपलं पहिलं कर्तव्य नीट बजावलं, तर जिथे वस्ती तिथे एक किलोमीटरच्या आसपास सरकारी शाळा असणारच. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तर महापालिकेची किंवा अनुदानित शाळा दोन चौक सोडून सापडतेच. अपवादाच्या नावाखाली नियमच पुसला गेला होता. कलम कायद्यात जिवंत राहणार होतं, फक्त ते लागू होईल अशी शाळा शोधायला दुर्बीण लागली असती.

ही युक्ती महाराष्ट्राची स्वतःची नव्हे. कर्नाटकानं डिसेंबर २०१८ मध्ये साधारण असाच बदल केला होता आणि तिथल्या उच्च न्यायालयानं तो २०१९ मध्ये उचलूनही धरला. तिथले आरटीईचे प्रवेश त्यानंतर झपाट्यानं रोडावले. आपल्या मंत्रालयातल्या लोकांसमोर हे उदाहरण नव्हतं असं समजायला मी तयार नाही.

पैशाचा हिशेब

सरकारची बाजूही नीट बघायला हवी. दर विद्यार्थ्यामागे प्रतिपूर्तीचा दर वर्षाला १७,६७० रुपये. दरवर्षी लाखभर जागा आणि एकदा आत आलेलं मूल आठवीपर्यंत शिकणार, त्यामुळे रक्कम साचत जाते. दुसरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घसरतो आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा पंधरा हजारांच्या आसपास गेल्या आणि त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची चर्चा २०२३ मध्ये सुरू झाली. आपल्या शाळा ओस पडत असताना त्याच मुलांना दुसरीकडे पाठवण्यासाठी पैसे मोजायचे, हा उफराटा कारभार आहे, असं एखाद्या वित्त अधिकाऱ्याला वाटलं तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही.

संस्थाचालकांचीही एक बाजू आहे आणि ती वातानुकूलित वर्गांच्या शाळांपुरती नाही. तालुक्याच्या गावी भाड्याच्या इमारतीत चालणारी ‘इंग्लिश स्कूल’ डोळ्यांपुढे आणा. शिक्षिकांचे पगार सांगायलाही लाज वाटावी इतके. वर्गात आठ-दहा मुलं आरटीईची आणि त्यांचे पैसे तीन-तीन वर्षं येत नाहीत. करोनाच्या वर्षात तर प्रतिपूर्तीचा दर १७,६७० वरून ८,००० वर आणला गेला. संघटनांच्या म्हणण्यानुसार राज्यभरातली थकबाकी हजारो कोटींच्या घरात आहे. मोठ्या शहरातल्या दीड-दोन लाख शुल्काच्या शाळेला हे पैसे आले काय, न आले काय, फरक पडत नाही. तिची तक्रार वेगळी असते आणि ती सहसा उघड बोलली जात नाही. छोट्या शाळेची तक्रार मात्र खरी आहे. तिला सरकारनं वेळेवर पैसे द्यायला हवे होते. सरकारनं ते द्यायची जबाबदारीच संपवून टाकायचं ठरवलं, आणि मग देणेकरी आणि घेणेकरी दोघांचंही समाधान झालं. ज्याचं मूल होतं त्याला विचारण्याची गरज कुणालाच पडली नाही.

लोकशाहीत निर्णय करताना जे बाधित होणार त्यांना ऐकून घेणं अपेक्षित असतं. बाजारात ते नसतं. तिथे दोन पक्ष सौदा करतात आणि तिसरा दर पाहून ठरवतो, घ्यायचं की नाही.

साडेआठ लाख जागा आणि रिकामे अर्ज

नव्या नियमानुसार २०२४-२५ ची प्रवेशप्रक्रिया एप्रिलमध्ये सुरू झाली. आता यादीत मुख्यतः जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या आणि अनुदानित शाळा होत्या. त्यामुळे आकडे एकदम भव्य झाले. शाळा पंचाहत्तर हजारांच्या पुढे, जागा साडेआठ लाखांच्या वर. आदल्या वर्षीपर्यंत लाखभर जागा असायच्या. परिपत्रक वाचणाऱ्याला वाटावं, हक्क आठपट झाला.

अर्ज लाखभरही आले नाहीत.

या प्रकरणातला मला सगळ्यात बोलका वाटणारा आकडा हाच. सरकारनं जे मोफत देऊ केलं, ते पालकांकडे आधीपासूनच होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला ऑनलाइन अर्ज, सोडत, पडताळणी समिती यांतलं काहीच लागत नाही. जून महिन्यात मुलाचं बोट धरून गेलं की गुरुजी नाव घालून घेतात. काही ठिकाणी तर पटासाठी गुरुजीच दारोदार फिरतात. तेच देण्यासाठी पोर्टल उघडणं म्हणजे नळाच्या पाण्याला कुपन लावणं.

उच्च न्यायालयानं ६ मे रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली आणि मे महिन्यातच जुन्या पद्धतीनं अर्ज पुन्हा मागवावे लागले. आता शाळा नऊ हजारांच्या आसपास, जागा लाखाच्या थोड्या वर आणि अर्ज दोन लाखांच्या पुढे. त्याच पालकांनी, त्याच उन्हाळ्यात दिलेला हा जबाब होता. आंदोलनं झाली, निवेदनं गेली, याचिका दाखल झाल्या, त्यांचं मोल आहेच. पण ज्याला मोर्चाला यायला रोज बुडवावा लागतो त्याचं मत या दोन आकड्यांतल्या फरकात नोंदलं गेलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही: हे पालक सामाजिक समतेसाठी नव्हे, इंग्रजी माध्यमासाठी धावत होते. खरं आहे. टाय, बूट आणि ‘गुड मॉर्निंग मिस’ यांची ओढ मोठी आहे. पण ही ओढ लावली कुणी? गेल्या चार दशकांत राज्यानंच हळूहळू सांगितलं की चांगलं ते विकत मिळतं. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, पुढे शाळांतही ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्द आला, आणि २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांसाठी कायदाच झाला. मराठी शाळा चालवणाऱ्यांनीच शेजारी इंग्रजी शाळा काढल्या. शिक्षणमंत्र्यांची मुलं कुठे शिकतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एवढं सगळं पाहून जो पालक इंग्रजी शाळेचा अर्ज भरतो तो फसलेला नाही, त्यानं राज्याचं म्हणणं नीट ऐकलेलं आहे.

निकाल

१९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठानं दुरुस्ती रद्द केली. संसदेनं केलेल्या कायद्यानं जे बंधन घातलं ते राज्य सरकार नियम करून काढून घेऊ शकत नाही, आणि ही दुरुस्ती कलम २१-अ च्या विरोधात जाते, हा निकालाचा गाभा. दरम्यानच्या काळात काही शाळांनी या जागांवर शुल्क देणारी मुलं घेतली होती. त्या मुलांना बाहेर काढू नये, पण आरटीईच्या जागाही भराव्यात, असा मार्ग न्यायालयानं काढला. ते मला आवडलं. मुलांना शिक्षा न करता शाळांना जबाबदार धरणं आपल्या व्यवस्थेला क्वचितच जमतं.

शाळांची एक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑगस्टमध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठानं ती याचिका फेटाळली. सुनावणीत त्यांनी जे म्हटलं त्याचा आशय असा होता की बड्या शाळांतली मुलं या मुलांच्या सहवासात आली तर हा देश खरा कसा आहे ते त्यांना कळेल. वकिलांचा सगळा युक्तिवाद अंतर, प्रतिपूर्ती आणि नियम करण्याचे अधिकार यांभोवती फिरत असताना हा मुद्दा तोंडी शेऱ्यात आला, याचं मला जरा वाईट वाटलं. खरं तर तोच मूळ मुद्दा होता.

सोडत जूनमध्येच काढून ठेवलेली होती. यादी निकालानंतर, जुलैत लागली. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. ज्यांचा नंबर लागला ती मुलं वर्गात पोचली तेव्हा बाकीच्यांची कविता पाठ झाली होती आणि जागाही ठरल्या होत्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘उशिरा आलेला’ म्हणून ओळख मिळणं ही किरकोळ गोष्ट नव्हे.

शेजार म्हणजे काय

कायद्यातला शब्द ‘शेजार’ आहे. सरकारनं त्याचा अर्थ अंतर असा घेतला. पण शेजार म्हणजे अंतर नव्हे हे मराठी माणसाला तरी सांगायला नको. फ्लॅट संस्कृतीत भिंतीला भिंत लागून असलेला माणूस शेजारी नसतो आणि गावात चार घरं सोडून राहणारा असतो.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी लोकशाही म्हणजे केवळ राज्य करण्याची रीत नव्हे, ती मुख्यतः एकत्र जगण्याची, एकमेकांचे अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, असं मांडलं. हा विचार त्यांनी कोलंबिया विद्यापीठातले आपले शिक्षक जॉन ड्युई यांच्याकडून घेतला, आणि ड्युईंना तो शाळेच्या संदर्भातच सुचला होता हे आपण सहसा विसरतो. ड्युईंच्या अमेरिकेत वेगवेगळ्या देशांतून आलेल्यांची मुलं एका बाकावर बसत होती. आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कडेला, घरून आणलेल्या गोणपाटावर बसले होते. एकाच वाक्याला दोघांच्या अनुभवातून किती वेगळं वजन येतं!

या दृष्टीनं पाहिलं तर आपल्या सगळ्या शिक्षणविषयक कायद्यांत, मालकाच्या आणि कामवालीच्या मुलानं एका बाकावर बसावं असं सांगणारं एकच कलम आहे, आणि ते म्हणजे हे पंचवीस टक्क्यांचं. बाकी सारे कायदे ‘प्रत्येकाला शाळा’ म्हणतात. हे ‘एकच शाळा’ म्हणतं, निदान चौथा हिस्सा तरी. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये परिसर शाळेची कल्पना मांडली होती: त्या भागात राहणाऱ्या सगळ्यांची मुलं, जात, धर्म, ऐपत न बघता, त्या भागातल्या शाळेत. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. अहवाल सगळ्यांनी डोक्यावर घेतला आणि ही शिफारस तेवढी कपाटात राहिली. पंचवीस टक्के हा तिचा चतकोर.

एक किलोमीटरच्या दुरुस्तीनं मुलाची शाळा हिरावली नाही. मुलाला शाळा होतीच. तिनं हिरावला तो बाक. सरकारच्या हिशेबात बाकाला रकाना नाही, म्हणून सरकारला काही गेल्यासारखं वाटलं नाही. ‘सेवा पुरवली का? पुरवली. किती अंतरावर? एक किलोमीटर. मग तक्रार काय?’ नागरिकाला गिऱ्हाईक मानलं की एवढेच प्रश्न उरतात.

३३० रुपये

त्याच उन्हाळ्यात, जून २०२४ च्या अर्थसंकल्पात, ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. महिना दीड हजार, वर्षाला १८,०००. आरटीईच्या एका मुलाची वार्षिक प्रतिपूर्ती १७,६७०. फरक ३३० रुपयांचा. एक रक्कम वर्षानुवर्षं थकते आणि तिचं ओझं होतं म्हणून नियम बदलावा लागतो. दुसरी रक्कम जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांत खात्यात पडते.

यात कुण्या एका पक्षाला झोडपण्याचा हेतू नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत विरोधकांनी तीन हजारांचं आश्वासन दिलं आणि सत्ताधाऱ्यांनी एकवीसशेचं. बाईच्या हातात पैसे येणं मला चुकीचंही वाटत नाही. त्या पैशांतून वह्या आणि बूट घेतलेली घरं मी पाहिली आहेत. मुद्दा वेगळा आहे. जे एकेकट्याच्या खात्यात पडतं त्याला लगेच मतांचा भाव मिळतो. जे चौघांना मिळून मिळतं, म्हणजे शाळा, दवाखाना, एकत्र बसण्याचा बाक, त्याला तो मिळत नाही, कारण त्याचं श्रेय कुणा एकाच्या फोटोखाली छापता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आली तेव्हा देणगीदाराचं नाव काही वर्षांसाठी शाळेला देण्याची सोय त्यात होती. सार्वजनिक शाळेलाही कुणाचं तरी नाव लागल्याशिवाय किंमत येत नाही, याची ती सरकारी कबुली म्हणायची.

फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे हेच उलट टोकाकडून मांडलं होतं. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. शहरांतल्या अनेक खासगी शाळा सवलतीच्या दरानं मिळालेल्या भूखंडांवर उभ्या आहेत हे ठाऊक असलेल्याला ही साक्ष जुनी वाटणार नाही.

ज्याबद्दल आमच्याकडचे लोक बोलत नाहीत

आमच्याकडचे म्हणजे दुरुस्तीला विरोध करणारे. निकालाचे पेढे वाटून झाल्यावर एक कलम वाचायचं राहून जातं: याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात किमान पाऊण हिस्सा पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असाव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, मिळालेला निधी कुठे गेला ते बघायचं, विकास आराखडा करायचा. शेतमजूर बाई मुख्याध्यापकाला ‘पोषण आहाराचे तांदूळ असे का?’ असं विचारते आणि ते इतिवृत्तात लिहावं लागतं. सगळीकडे असं घडत नाही. बऱ्याच गावांत समितीचा अध्यक्ष म्हणजे सरपंचाचा माणूस आणि बैठक म्हणजे सह्यांची वही घरोघर फिरवणं. तरी कायद्यात ती जागा आहे आणि जिथे पालक जागे झाले तिथे ती वापरली गेली आहे.

हे कलम खासगी विनाअनुदानित शाळांना लागू नाही.

म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत जी आई मत देऊ शकत होती, ती मुलाला घेऊन खासगी शाळेत गेली की तिला बाक मिळतो आणि मत जातं. तिथे पालक-शिक्षक संघ असतो, २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानं त्याच्या कार्यकारी समितीला शुल्काबाबत अधिकारही दिले, पण हिची मुलगी शुल्क भरतच नाही. शुल्काच्या बैठकीत तिनं काय बोलावं? शुल्कवाढीविरुद्ध समितीकडे दाद मागायलाही पुढच्या दुरुस्तीनं किमान पंचवीस टक्के पालकांनी एकत्र येण्याची अट घातली. पंचवीस टक्के हा आकडा आपल्या शिक्षण खात्याला भारी आवडतो. दुकानात पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकालाच बोलता येत नाही, तर उधारीवरच्या गिऱ्हाइकाची काय कथा.

अनिल सदगोपाल यांच्यासारखे समान शाळेचे पुरस्कर्ते पहिल्यापासून सांगत आले की २००९ चा कायदा असमान शाळांची उतरंड तशीच ठेवतो. त्यांचं म्हणणं तेव्हा मला आडमुठं वाटायचं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी का लागावं? या प्रकरणानंतर मी अर्धा त्यांच्या बाजूला सरकलो आहे. अर्धाच, कारण परिपूर्ण समान शाळा येईपर्यंत या मुलांनी थांबावं असं सांगण्याचा अधिकार, ज्याची स्वतःची मुलं बऱ्या शाळेत शिकून बाहेर पडली त्या माझ्यासारख्याला नाही.

आणखी एक अडचण आहे आणि ती निकालानं सुटलेली नाही. जी मुलं सोडतीतून खासगी शाळेत जातात ती बहुधा वस्तीतल्या धडपड्या पालकांची असतात. दाखले जमवणारे, नकाशावर खूण नीट टेकवणारे, पहिल्या फेरीत नाही तर प्रतीक्षा यादीत नाव शोधणारे. हेच पालक जिल्हा परिषदेच्या शाळेच्या समितीत बसले असते तर भांडले असते. ते गेल्यावर मागे उरलेल्या शाळेत प्रश्न विचारणारं कमी होतं, पट घसरतो, आणि दोन वर्षांनी कुणीतरी अधिकारी पटाचा तक्ता पुढे करून म्हणतो की ही शाळा चालवणं परवडत नाही. पंचवीस टक्क्यांचं कलम बाजाराच्या भिंतीला भोक पाडतं हे खरं, पण माती उकरली जाते ती सरकारी शाळेच्या पायाखालची.

त्यानंतर

२०२५-२६ चे अर्ज जुन्या नियमानं मागवले गेले. जागा लाखाच्या थोड्या वर, अर्ज तीन लाखांच्या पुढे. म्हणजे तीनांपैकी दोघांना ‘नंबर लागला नाही’ हा निरोप. त्यातही दरवर्षीप्रमाणे हजारो जागा रिकाम्या राहतात: शाळा लांब पडते, दाखला वेळेत मिळत नाही, गणवेश-बस-सहलीचा खर्च ऐकून पालक शाळेच्या दारातून परत येतात. कायदा शुल्क माफ करतो. वाढदिवसाला वर्गात काय वाटायचं त्याचं काय करायचं, ते तो सांगत नाही.

थकबाकी संपलेली नाही. शाळांच्या संघटना दर उन्हाळ्यात बहिष्काराचा इशारा देतात, खातं हप्ता सोडतं, प्रवेश होतात. दुरुस्ती रद्द झाली तरी जिच्या नावानं ती केली होती ती अडचण जागच्या जागी आहे, त्यामुळे पुढच्या वेळी अंतराऐवजी दुसरं एखादं माप निघणार नाही याची खात्री मला वाटत नाही. निकालानं हे सांगितलं की संसदेचा हक्क राज्याच्या नियमानं पुसता येत नाही. तो थकवता येतो की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता.

आणि आठवी आहेच. अगदी सुरुवातीच्या वर्षांत सोडतीतून पहिलीत गेलेल्या मुलांची आठवी कधीच झाली. नववीत त्याच वर्गात, त्याच बाकावर बसायचं तर पूर्ण शुल्क भरायचं. काहींनी कर्ज काढून भरलं, काहींना शाळेनं सवलत दिली, आणि बरीच मुलं दाखला घेऊन जवळच्या अनुदानित शाळेत गेली. ती बहुतेक वेळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असते.